पदवीच्या पुढची वाट आणि गावाची सोबत



गावात पहिलीच्या वर्गात किती मुले दाखल झाली, किती बालकांचे लसीकरण राहिले, याचा तपशील गावाच्या दप्तरात सहज सापडतो. तथापि त्याच गावातील किती मुलेमुली बी.ए., बी.एस्सी. झाल्यानंतर पुढे शिकत आहेत, कोण कोणत्या विषयाचे संशोधन करीत आहे, असे विचारले, तर शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील बहुतेक गावांत उत्तर मिळणे कठीण. याचे कारण अनास्था हे नव्हे. बारावीपर्यंत मूल गावाच्या नजरेसमोर असते. पदवीनंतर ते नजरेआड होते, आणि नेमकी त्याच वेळी त्याला सोबतीची सर्वांत अधिक निकड असते.

शहापूरचे सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आणि मुरबाड तालुक्यात शिवळे येथील शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय यांच्यामुळे पदवीचे शिक्षण घराजवळ आले, ही लहान गोष्ट नव्हे. पुढील अभ्यासासाठी मात्र अनेकांना कल्याण, ठाणे किंवा मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी गाठावी लागते. शहापूर तालुक्याला आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांचा आधार आहे. तरी कसाऱ्याहून मुंबई सुमारे १२० किलोमीटर. मुरबाडला अद्याप रेल्वे नाही. टोकावड्याकडून निघालेली मुलगी आधी एस.टी.ने कल्याणला येते, तेथून लोकलने कुर्ला आणि पुन्हा बसने विद्यानगरी. सायंकाळच्या व्याख्यानाला ती थांबू शकत नाही, कारण परतीची गाडी चुकते. ग्रंथालयातील बैठक, परिसंवादानंतरचा चहा, मार्गदर्शक प्राध्यापकांशी सहज होणारे बोलणे, यांतूनच विद्यार्थ्याचा अभ्यासक होतो. आणि नेमके तेवढेच एस.टी.च्या वेळापत्रकात बसत नाही.

शासनाने या विद्यार्थ्यांच्या अर्थसाहाय्याचा विचार केलेला आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना सुरू झाली. भोजन, निवास व निर्वाहासाठीची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करावयाची, असे तिचे स्वरूप. मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांसाठी ही रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरविण्यात आली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. हप्ता उशिरा आला की खोलीचे भाडे थकते, हे खरे. परंतु तो वेगळ्या चर्चेचा विषय आहे.

येथे विचार करावयाचा तो खात्यात जमा न होणाऱ्या गोष्टीचा. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहू लागली आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढले, तेव्हा त्यांनी मुलांना केवळ छप्पर दिले नाही. थोरल्या मुलाने धाकट्याला अर्ज लिहून द्यावा, आजारी पडलेल्याजवळ कोणीतरी बसावे, एकाला नोकरी लागली की त्याने दुसऱ्याला वाट दाखवावी, असा एक सहवास त्या भिंतींच्या आत होता. वसतिगृहाऐवजी रक्कम मिळाल्याने जागेची अडचण सुटली. सहवासाची सुटली नाही. भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या किंवा दररोज सहा-सात तास प्रवासात घालविणाऱ्या विद्यार्थ्याला ती सोबत कोठून मिळावी?

संशोधक विद्यार्थ्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे लागतात. या काळात वर्ग नाही, वर्षअखेरची गुणपत्रिका नाही. घरी आईवडिलांना सांगावे काय? ‘अजून शिकतोच आहेस का?’ हा प्रश्न मायेपोटीच विचारला जातो, पण तो सहाव्यांदा ऐकणारा मुलगा सणालाही गावी येणे टाळू लागतो. मुलीच्या बाबतीत त्यात विवाहाची घाई मिसळते. महिला संशोधकांना दोन वर्षांची वाढीव मुदत आणि २४० दिवसांपर्यंतची प्रसूती व बालसंगोपन रजा याच विनियमांत आहे. ही माहिती सासरी व माहेरी वेळेवर पोहोचली तर काही प्रबंध अपुरे राहणार नाहीत.

मनावरील ताण हा आता खाजगी विषय राहिलेला नाही. उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिण्यास काही खर्च येत नाही. मात्र फलकाने सारे भागत नाही. गावी परतून अबोल झालेला, रात्री न झोपणारा, पुस्तके बांधून ठेवणारा मुलगा प्रथम दिसतो तो त्याच्या जुन्या शिक्षकाला. त्या शिक्षकाने घरी जाऊन तासभर बसावे. उपदेश करू नये; ऐकून घ्यावे.

दप्तरी दिरंगाईचाही मनःस्वास्थ्याशी संबंध असतो, हे अधिकारीवर्गाने ध्यानात घेणे अगत्याचे आहे. जातवैधता प्रमाणपत्राचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. आरक्षित जागेवरील व्यावसायिक अभ्यासक्रमाला आणि पुढे नोकरीला ते आवश्यक ठरते. पडताळणी समितीपुढे १९५० पूर्वीच्या नोंदींना विशेष वजन असते. आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांच्या नावाची नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरात असते. ते रजिस्टर वाळवी लागलेल्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली बदलून गेलेल्या मुख्याध्यापकांच्या काळापासून सापडत नसते! कातकरी कुटुंबांची स्थिती याहून कठीण. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या आजोबांचे नाव शाळेच्या पटावर यावयाचे कसे? मग गाव नमुना चौदामधील जन्म-मृत्यूच्या नोंदी धुंडाळाव्या लागतात. त्या मोडीत असल्या तर वाचणारा शोधावा लागतो. प्रबंधाचे प्रकरण लिहावयाच्या महिन्यात विद्यार्थी तहसील कचेरीच्या पायऱ्या चढत असतो. शिक्षकांनी जुनी रजिस्टरे एकदा उघडून नीट बांधून ठेवली आणि तलाठ्यांनी उतारे मागणीनंतर विनाविलंब दिले, तर कोणत्याही शिष्यवृत्तीइतकेच ते साहाय्य ठरेल.

आता व्यावसायिक उन्नतीविषयी. नेट, सेट परीक्षांची माहिती विद्यार्थी मिळवितात. उणीव असते ती आपल्यासारख्या परिस्थितीतून पुढे गेलेली व्यक्ती जवळून पाहण्याची. माळशेज घाट चढून गेले की जुन्नर तालुका लागतो. तेथील निमगिरीचे महादेव कोळी समाजातील डॉ. गोविंद गारे यांनी आदिवासी समाजाचा अभ्यास करून ग्रंथ लिहिले आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालकपद भूषविले. अभ्यासाचा विषय त्यांना परक्या मुलखात शोधावा लागला नाही. शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्यांसमोरही विषयांची वाण नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसाचा, तानसाही शहापूरचीच. त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. भूगोल, अर्थशास्त्र, ग्रामीण विकास यांपैकी कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला याहून सकस विषय कोणता? वनहक्कांचे दावे आहेत, वीटभट्टीचे स्थलांतर आहे. ग्रामपंचायतीने आपले जुने ठराव, पाणीटंचाईच्या नोंदी अशा विद्यार्थ्याला पाहू द्याव्यात, आणि लिहून झालेला प्रबंध ग्रामसभेत त्याच्याच तोंडून ऐकावा. त्या दिवशी आईवडिलांना मुलगा इतकी वर्षे काय करीत होता याचे उत्तर मिळेल.

संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथील ग्रामपंचायतींना पेसा कायद्याच्या अनुषंगाने मिळणारा पाच टक्के अबंध निधी शिक्षणासाठीही खर्च करता येतो. त्यातून चार-पाच गावांना मिळून एक अभ्यासिका चालविता येईल. तिला मोठी इमारत नको. वीज, इंटरनेट, रात्री दहापर्यंत उघडे दार आणि मुलींना घरी पोहोचविण्याची व्यवस्था असली म्हणजे पुरे.

आणि मे महिना आहेच. विद्यापीठाच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, पेरणीला अवकाश असतो, लग्नसराईने बाहेरगावची मुले घरी आलेली असतात. त्या दिवसांत एका सकाळी गटातील सर्व पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थ्यांना शाळेत बोलवावे. गेल्या काही वर्षांत नोकरीस लागलेल्यांनाही बोलवावे. भाषणे ठेवू नयेत. नाव, विषय, राहण्याचे ठिकाण आणि सध्याची अडचण, एवढे एका वहीत उतरवून घ्यावे, आणि ती वही ग्रामपंचायतीच्या दप्तरात, पटनोंदणीच्या कागदांशेजारी ठेवावी.