पेटीवाली बाई ऑर्गन शिकते

(सहायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन वर्षांपूर्वी आपल्यापैकीच एका कुटुंबाने नवापूर तालुक्यातल्या आमच्या लहानशा मंडळीला आपल्या घरातला इलेक्ट्रॉनिक ऑर्गन दिला. टेम्पोत चढवताना त्या घरच्या आजी मला म्हणाल्या होत्या, “बाई, वाजवाल ना? नुसता चादर घालून ठेवू नका.” आजी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. पैशांचा हिशेब खजिनदार देतीलच, मी फक्त ऑर्गनचा हिशेब देणार आहे. त्यात एक चूकही आहे, तीही सांगते.

मी वसतिगृहात शिक्षिका होते आणि लहानपणापासून पेटी वाजवते. त्यामुळे सगळ्यांना वाटले, मलाही वाटले, की बाईंना पट्ट्या ठाऊक आहेत, आठ दिवसांत जमेल. झाकण उघडले तेव्हा वर 44 पट्ट्या, त्याखाली आणखी 44, पायाशी लाकडाच्या 13 लांब पट्ट्या, उजव्या पायाला आवाज कमीजास्त करणारे एक पेडल आणि समोर बटणांची रांग. वसतिगृहातली मुले मागे उभी राहून बघत होती. एकाने विचारले, “बाई, हे चालवायला लायसन लागते का?”

पेटीवाल्याची पहिली अडचण डाव्या हाताची. पेटीवर सूर उजव्या हाताने वाजतात आणि डावा हात भाता मारतो. माझ्या डाव्या हाताने जन्मभर दुसरे काम केलेच नव्हते. ऑर्गनवर बसले की तो आपोआप मागे जाऊन हवेत भाता शोधायचा. दुसरी अडचण त्याहून मोठी. पेटीत भाता दाबला की स्वर भरतो, सोडला की ओसरतो. इथे पट्टी म्हणजे विजेचे बटण. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तेवढाच. पट्टी धरून ठेवली तर स्वर तसाच उभा राहतो आणि बोट उचलले की तुटतो. म्हणजे पट्टी दाबण्यापेक्षा कधी सोडायची हे शिकायचे.

शिकवायला कोणी नव्हते. ऑर्गनसोबत इंग्रजी माहितीपुस्तक होते आणि आजींच्या नातवाने फोनवर एक युक्ती सांगितली: बटणे विसरा, पाच सोप्या चाली निवडा, आणि एका चालीतून एकच गोष्ट शिका. मी तसेच केले.

पहिली चाल निवडली ती ‘ओल्ड हंड्रेड्थ’. 1551 साली जिनिव्हात छापलेल्या स्तोत्रसंग्रहातली ही चाल आपल्या सगळ्या मंडळ्यांत कुठल्या ना कुठल्या शब्दांनी गाइली जाते. चार ओळी, प्रत्येक ओळीला आठ स्वर. घाई नाही, मुरक्या नाहीत. ही चाल मी हाताने वाजवलीच नाही. महिनाभर फक्त डाव्या पायाने तिचे खालचे स्वर वाजवले आणि तोंडाने गायले. खाली बघायचे नाही हा नियम. पायाच्या कडेने काळ्या पट्टीची फट चाचपायची आणि तिथून मोजायचे. आमच्याकडे चपला बाहेर काढून आत येतात. अनवाणी पायाला घाम येऊन तो पट्टीला चिकटायचा, मोजे घातले तर घसरायचा. शेवटी पातळ तळाचे जुने कॅनव्हासचे बूट धुऊन ऑर्गनखाली ठेवले. एका वडील बंधूंना ते रुचले नाही. पाळकसाहेबांनी त्यांना बुटाचा तळ उलटा करून दाखवला, तेव्हा ते हसले.

दुसरी चाल बेथोव्हेनच्या 1824 सालच्या नवव्या सिंफनीतली, आनंदगीत म्हणून शाळाशाळांतून शिकवतात ती. तिचे जवळजवळ सगळे स्वर सा ते प या पाचांत येतात. फक्त तिसऱ्या ओळीच्या शेवटी ती एकदा खालच्या पंचमावर उतरते. उजव्या हाताला काम इतके कमी, की सगळे लक्ष डाव्या हाताकडे देता येते. तिथे मी तीन स्वरांचे तीन गठ्ठे बसवले: सा-ग-प, म-ध-सा, प-नी-रे. यांना कॉर्ड म्हणतात. एवढ्या तीन कॉर्डवर आपली निम्मी गीते चालतात हे मला साठीला आल्यावर कळले.

तिसरी ‘अमेझिंग ग्रेस’ची चाल. तिच्यात म आणि नी नाहीतच, सगळे स्वर भूपाचे. आमच्या बायका ती लगेच उचलतात, याचे कारण मला तेव्हा उमगले. ही चाल संथ आणि तीन मात्रांची, म्हणून ती जोडून वाजवण्याच्या सरावाला घेतली. एक पट्टी दाबलेली असतानाच तिच्यावरचे बोट बदलायचे, म्हणजे मोकळे झालेले बोट पुढच्या पट्टीवर पोचते आणि स्वर तुटत नाही. उजव्या पायाने आवाज ओळीच्या मध्यावर थोडा चढवायचा आणि शेवटी उतरवायचा. तो पाय म्हणजे माझा नवा भाता, असे ज्या दिवशी मनाने घेतले त्या दिवसापासून डावा हात मागे जायचा थांबला.

आता बटणांकडे येते, कारण “बाई, तुम्ही त्यात प्रोग्रॅम कसे भरता?” असे पुष्कळ जण विचारतात. त्यात गूढ काही नाही. ऑर्गनच्या आवाजांवर 16, 8, 4 असे आकडे लिहिलेले असतात. ते फूट आहेत. नळ्यांच्या जुन्या ऑर्गनमध्ये सगळ्यात खालच्या ‘सी’ स्वराची नळी सुमारे आठ फूट लांब असे, त्यावरून हे नाव पडले. 8 म्हणजे जी पट्टी दाबाल तोच स्वर. 16 म्हणजे त्याच्या एक सप्तक खालचा, आपल्या खर्जासारखा. 4 म्हणजे एक सप्तक वरचा. दोन पूर्णांक दोन तृतीयांश असा विचित्र आकडा दिसतो, तो सप्तक ओलांडून वरचा पंचम. अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड यांनी 1935 साली आपला विजेवरचा ऑर्गन बाजारात आणला, तेव्हा हे आवाज मिसळायला ओढायच्या नऊ पट्ट्या दिल्या आणि प्रत्येकीवर 0 ते 8 आकडे घातले. म्हणजे स्वयंपाकातले मिठामसाल्याचे माप म्हणा. आमच्या यंत्रात त्या पट्ट्यांच्या जागी सरकणाऱ्या खुंट्या आहेत, पण माप तेच. हवे ते मिश्रण जमले की ‘मेमरी’ दाबून धरायचे आणि क्रमांकाचे बटण दाबायचे. पुढे तो क्रमांक दाबला की तेच मिश्रण हजर.

चौथी चाल यासाठीच घेतली, ‘सायलेंट नाइट’ची. 1818 च्या नाताळच्या आदल्या रात्री ती ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी पहिल्यांदा गाइली गेली ती गिटारच्या साथीवर. म्हणून मी पहिल्या बटणात फक्त 8 फुटी बासरीचा आवाज ठेवला. दुसऱ्या कडव्यासाठी त्यात थोडा 4 फुटी, तिसऱ्यासाठी पेडलला 16 फुटी. बटण बदलायला हात उचलला की कॉर्ड तुटते, म्हणून उजव्या पायाच्या पेडलशेजारी एक लहान खटका आहे, तो टाचेने ढकलायचा. कडवे संपते तिथे मंडळी श्वास घेते आणि तेवढ्यात खटका मारायचा. पहिल्या दहा वेळा मी श्वास घ्यायलाच विसरत होते आणि माझ्यामागे मुलांचीही दमछाक.

आता चुकीकडे येते.

पाचवी चाल मी एका भजनाची घेतली आणि या वेळी यंत्रातला ताल भरायचे ठरवले. तयार ताल होते वाल्ट्झ, मार्च, रुंबा, त्यात आपला भजनी ठेका नव्हता. माहितीपुस्तक वाचून, एकेक पट्टीला एकेक चर्मवाद्य लावून, मी आठ मात्रांचा ठेका भरला. तीन संध्याकाळी लागल्या. झांजेचा आवाजही सापडला. इतका आनंद झाला की येत्या रविवारीच वाजवला.

आमच्याकडे ढोलकवर एक मामा बसतात. सत्तरीचे, मावची घरातले, लिहितावाचता येत नाही, पण मंडळीतले प्रत्येक गीत पाठ. ठेका सुरू झाला तेव्हा त्यांनी ढोलक मांडीवर घेतला, दोन आवर्तने साथ केली आणि मग हात ढोलकवर ठेवून गप्प बसले. भजनात शेवटी लय चढते हे तुम्हाला ठाऊक आहे. मंडळी चढली. यंत्र चढले नाही. टाळ्या एकीकडे, झांज दुसरीकडे. तिसऱ्या कडव्याला मागचे लोक गायचे थांबले आणि मी एकटी यंत्राबरोबर शेवटपर्यंत गेले, कारण ते मध्येच बंद करायचे बटण मला गडबडीत सापडेना.

उपासनेनंतर मी मामांना म्हटले, “पुढच्या वेळी वेग नीट बसवते.” ते म्हणाले, “बाई, ते माझ्याकडे बघत नाही.” एवढेच. पुढचे तीन रविवार मामा मागच्या बाकावर बसले, ढोलक घरी ठेवून. मी मनात म्हणत होते, सवय होईल. खरे सांगायचे तर मला माझ्या तीन संध्याकाळी सोडवत नव्हत्या.

मग जुलैत वादळात तारा तुटल्या आणि नऊ दिवस गावात वीज नव्हती. रविवारी ऑर्गन मुका. मी कपाटावरून पेटी काढली आणि एका मुलाला मामांकडे पाठवले. “येतील का?” असे विचारायलाही मला लाज वाटत होती. मामा भर पावसात डोक्यावर इरले आणि पोटाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला ढोलक घेऊन आले. काही बोलले नाहीत. बसले आणि माझ्याकडे बघितले.

वीज आल्यावर ऑर्गन लावला तर सगळी बटणे कोरी. जुन्या यंत्रात भरलेले टिकवायला आतली लहानशी बॅटरी असते. ती थकली असेल आणि वीजही इतके दिवस नसेल, तर सगळे पुसले जाते. सहा महिन्यांची मिश्रणे गेली. फ्लॉपीवर एक प्रत ठेवली होती, तिला पावसाळ्यात बुरशी आलेली. मी तिथेच बाकावर बसून रडले, हे आजींपासून लपवत नाही.

त्या वेळी वसतिगृहातली नववीतली एक मुलगी झाडू मारत होती. ती म्हणाली, “बाई, मला आकडे आठवतात.” सरावाच्या वेळी ती मागे उभी असायची आणि खुंट्या कुठे आहेत ते बघून ठेवायची. निम्मी मिश्रणे तिने तोंडपाठ सांगितली. उरलेली आम्ही कानाने जुळवली. आता शंभर पानी वही केली आहे. एका पानावर एक गीत, आवाजांचे आकडे, पट्टी, आणि कोणत्या ओळीनंतर खटका मारायचा. यंत्र पुन्हा विसरले तरी एका दुपारी भरून होते. ताल मात्र पुन्हा भरला नाही. भजनाच्या पानावर 8 फुटी एकच मंद आवाज लिहिला आहे, डाव्या हाताने सा आणि प धरून ठेवायचे, आणि शेजारी त्या मुलीच्या अक्षरात: “मामांकडे बघणे.”

ती आता माझ्याच क्रमाने शिकते आहे. तिला पेटीची सवय नाही, त्यामुळे तिचा डावा हात माझ्यापेक्षा लवकर तयार झाला. पाय आखूड पडतो, म्हणून सुतारदादांकडून बाकाचे पाय दोन इंच कापून घेतले. आता माझे गुडघे पट्ट्यांना लागतात, पण मला तिथे फार दिवस बसायचे नाही. गेल्या नाताळच्या आदल्या रात्री पहिले आणि दुसरे कडवे तिने वाजवले. तिसऱ्याच्या आधी टाचेचा खटका चुकला, 16 फुटी आवाज आलाच नाही आणि मंडळी साध्या बासरीवरच गात राहिली. कोणाच्या लक्षातही आले नाही. ती मात्र घरी जाताना तेवढेच बोलत होती.

आजी, सराव शनिवारी चार वाजता असतो, वीज असेल तर. बाकाला आता चादर नाही, कारण ती मामांनी ढोलकसाठी नेली आहे.