सामायिक सर्व्हरवरील मर्यादा

सिडकोने आखलेल्या नवी मुंबईच्या वसाहतींपैकी द्रोणागिरी ही जवाहरलाल नेहरू बंदराला लागून असल्यामुळे तेथे कंटेनर फ्रेट स्टेशने, म्हणजे बंदरातून आलेल्या कंटेनरची सीमाशुल्क तपासणी होऊन माल आयातदाराच्या हवाली केला जातो अशी यार्डे, मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. अशा व्यवसायात गेटपास काढणारा, वजनकाट्याची नोंद करणारा आणि बिल बनवणारा असे अनेक कर्मचारी एकाच सर्व्हरवर दुरून प्रवेश करून, म्हणजे रिमोट डेस्कटॉपच्या साहाय्याने, एकाच वेळी काम करू शकतात. तेथे एकाने बदललेली मांडणी किंवा चुकून दिलेली ‘शट डाउन’ची आज्ञा सर्वांचेच काम थांबवू शकते, म्हणून सामायिक सर्व्हरवर वापरकर्त्यांना मर्यादा घालणे ही व्यवस्थेची पहिली गरज ठरते.

या मर्यादा घालण्याचे साधन म्हणजे ग्रुप पॉलिसी. विंडोज २००० बरोबर आलेल्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे संस्थेतील वापरकर्ते व संगणक यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत, प्रत्येक खाते एखाद्या विभागात ठेवलेले असते आणि त्या विभागाला जोडलेले नियम त्यातील सर्वांना लागू होतात. मात्र वापरकर्त्याचे नियम त्याच्या खात्याच्या विभागावरून ठरत असल्यामुळे, सर्व्हरवर कंट्रोल पॅनेल बंद करावे म्हणून कारकुनाच्या खात्याला नियम लावला, तर त्याच्या टेबलावरील संगणकातही ते बंद होते. ही अडचण ‘लूपबॅक’ या सोयीने दूर होते; तीत सर्व्हर ज्या विभागात आहे त्या विभागाचे वापरकर्ता-नियम तेथे प्रवेश करणाऱ्याला लागू होतात, आणि ते त्याच्या मूळ नियमांत मिसळावेत की त्यांची जागा घ्यावी, हेही ठरवता येते. व्यवस्थापकांच्या गटाला त्या धोरणातून वगळले नाही, तर सर्व्हरची देखभाल करणाराच स्वतःच्या नियमांत अडकतो.

नियम लावला म्हणजे दार बंद झाले, असे मात्र नव्हे. डिस्क-ड्राइव्ह लपवण्याचा नियम केवळ चिन्ह नाहीसे करतो, आणि ड्राइव्ह उघडण्यास मनाई करणारा नियमही इतर प्रोग्रॅममधून तेथे पोहोचण्याची वाट पूर्णपणे अडवत नाही. खरी मनाई फाइल व फोल्डर यांवरील परवानग्यांनी आणि कोणते प्रोग्रॅम चालावेत हे ठरवणाऱ्या ‘अ‍ॅपलॉकर’सारख्या साधनाने होते, पडद्यावरील नियमांचा उपयोग मुख्यतः अनवधानाने होणाऱ्या चुका टाळण्यासाठी आहे.

मर्यादा केवळ कनिष्ठांवर घालून भागत नाही, याचा धडा याच बंदर परिसराने २०१७ मध्ये अनुभवला. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीला जगभर ग्रासले, आणि त्याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलची संगणकव्यवस्था कोलमडून तेथील काम हाताने करावे लागले. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. विंडोजमधील सुरक्षादोषाचा फायदा घेण्याबरोबरच हा प्रोग्रॅम संगणकाच्या स्मृतीत राहिलेली प्रवेशाची गुप्त माहिती उचलत असे आणि तिच्या बळावर, व्यवस्थापक रोज वापरतात त्याच साधनांनी, शेजारच्या यंत्रांत शिरत असे. एखाद्या साध्या संगणकावर संपूर्ण जाळ्याच्या व्यवस्थापकाने प्रवेश केलेला असेल, तर त्या एका संगणकातून सगळ्या जाळ्याच्या किल्ल्या हाती लागत.

यावरील एक उपायही ग्रुप पॉलिसीतच आहे: सर्वोच्च अधिकार असलेल्या खात्यांना सामान्य संगणकांवर आणि सामायिक सर्व्हरवर प्रवेशच नाकारणारा नियम लावता येतो, म्हणजे त्यांची गुप्त माहिती तेथे शिल्लक राहण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सामायिक सर्व्हरची आखणी करणाऱ्याने म्हणूनच कारकुनापासून काय लपवावे हे ठरवण्याआधी, आपल्या स्वतःच्या खात्याला कोठे मज्जाव असावा, हे ठरवणे आवश्यक आहे. कारण कारकुनाच्या चुकीने एका सर्व्हरचे काम अडते, तर व्यवस्थापकाच्या चोरीला गेलेल्या अधिकाराने संपूर्ण बंदर अडू शकते.