कोपरला उतरायचे आहे



तुम्ही आता वाचायला शिकलात. पाटी वाचता, तिकीट वाचता. आता काही जण आम्हाला विचारतात, "थोडे इंग्रजी बोलायला येईल का हो?" येईल. न यायला काय झालं? आज आपण एकच शब्द घेऊ. पण तो नीट घेऊ.

आधी थोडी मागची गोष्ट. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, ती कल्याणपर्यंत आली. आपले कोपर याच वाटेवर आहे. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला डोंबिवली.

गाडीबरोबर इंग्रजी शब्दही आले. स्टेशन, तिकीट, सिग्नल, प्लॅटफॉर्म, गार्ड. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याही आजीबाई हे शब्द बोलतात. पण एक गंमत पाहा. ही सारी नावे आहेत. काम मात्र आपण मराठीतच सांगतो. गाडीत 'चढतो', गाडीतून 'उतरतो'. म्हणून इंग्रजीत नाव आठवते, पण काम सांगताना आपण अडतो.

हे काम सांगणारा इंग्रजी शब्द आहे 'गेट'. आपण फाटकाला गेट म्हणतो, तो शब्द निराळा. फाटकाचा गेट लांब ओढून म्हणतात. हा गेट आखूड आहे, पटकन म्हणायचा.

हा गेट एकटा फारसे काही सांगत नाही. त्याच्या मागे एक लहान शब्द जोडला की अर्थ पुरा होतो. लहान शब्द बदलला की अर्थही बदलतो.

गेट ऑन म्हणजे चढणे.
गेट ऑफ म्हणजे उतरणे.
गेट अप म्हणजे उठणे.

तुम्ही म्हणाल, ही काय भाषा झाली? अहो, आपल्या मराठीतही असेच आहे. 'लागणे' हा शब्द घ्या. भूक लागते. आग लागते. मुलगा कामाला लागतो. गाडी फलाटाला लागते. शब्द एकच, पण सोबती बदलला की अर्थ बदलला. आपण हे आईच्या मांडीवर शिकलो, म्हणून जड वाटत नाही. इंग्रजीही असेच शिकावे. गेट एकटा पाठ करू नये. जोडी पाठ करावी.

आता वाक्य करू. मला कोपरला उतरायचे आहे, हे कसे सांगाल?

"आय वॉन्ट टु गेट ऑफ ॲट कोपर."

आपण 'कोपरला' म्हणतो. 'ला' मागे लागतो. इंग्रजीत तो पुढे येतो, 'ॲट कोपर'. एवढे ध्यानात ठेवा.

दाराशी माणूस उभा आहे. तो दिव्याला उतरणार का, हे विचारायचे आहे. असे विचारा:

"आर यू गेटिंग ऑफ ॲट दिवा?"

गाडीतून उतरा, हे सांगताना पुष्कळ जण मध्ये 'फ्रॉम' घालतात. तो नको. "गेट ऑफ द ट्रेन" एवढे पुरे.

आता कोणी म्हणेल, आम्ही तर 'गेट डाऊन' ऐकतो. बरोबर आहे. आपल्या देशात गाडीतून उतरण्याला गेट डाऊन म्हणतात आणि ते सगळ्यांना कळते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण बाहेरदेशी गेट ऑफ म्हणतात. झाडावरून किंवा शिडीवरून खाली येणे, त्याला गेट डाऊन म्हणतात. दोन्ही माहीत असलेले बरे.

रिक्षाचे मात्र वेगळे आहे. जिथे उभे राहून चालता येते, त्या वाहनाला ऑन आणि ऑफ. आगगाडी, बस, बोट, विमान. सायकलीवर आणि घोड्यावर बसतो, तिथेही ऑन आणि ऑफ. जिथे वाकून आत शिरावे लागते, तिथे इन आणि आउट. मोटार, टॅक्सी, रिक्षा. "गेट इन द रिक्षा" म्हणजे रिक्षात बसा.

इथे रिक्षावाल्या दादांनी सांभाळावे. उतारूचे ठिकाण आले आणि तुम्ही नुसते "गेट आउट" म्हणालात, तर तो रागावेल. कारण नुसते गेट आउट म्हणजे 'चालता हो'. तुमच्या मनात वाईट नाही, पण शब्द कडू झाला. गिऱ्हाईक तुटेल. तिथे म्हणावे, "सर, प्लीज गेट डाऊन हिअर." मुंबईकडे हे सर्वांना कळते आणि मानही राहतो.

आता सर्वांत मोठी गोष्ट. गाडी कधी कधी स्टेशनाच्या अलीकडे सिग्नलला थांबते. नवखा माणूस म्हणतो, आलं वाटतं कोपर. तो दाराकडे सरकतो. खाली फलाट नाही, रूळ आहेत. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी येऊ शकते. त्या माणसाला मराठी येत नसेल, हिंदीही येत नसेल. अशा वेळी तुम्ही मोठ्याने सांगा:

"डोन्ट गेट ऑफ हिअर!"

इथे उतरू नका. चार शब्द आहेत. पण त्यांनी एक जीव वाचेल. आणि हे तुम्हाला कोणी सांगितले, तर पहिला शब्द नीट ऐका. 'डोन्ट' ऐकला नाही, तर उलटाच अर्थ होईल.

कोपरला स्टेशन दोन मजली आहे. खालून कल्याणची लाईन जाते, वरून दिवा-वसईची. कोणी परगावचा माणूस वसईची वाट विचारील. त्याला सांगा, "गेट ऑफ ॲट कोपर. गो अप. गेट ऑन द वसई ट्रेन." कोपरला उतरा, वर जा, वसईच्या गाडीत चढा. काल वाट विचारणारे तुम्ही, आज वाट सांगाल.

चुकलो तर लोक हसतील, ही भीती सोडा. पोहायला शिकताना नाकातोंडात पाणी जातेच.

आता घरी जाऊन एवढे करा. सकाळी किती वाजता उठता ते सांगा: "आय गेट अप ॲट फाइव्ह." कुठे गाडीत चढता ते सांगा. कुठे उतरता ते सांगा. तीन वाक्ये झाली. मुलाबाळांना ऐकवा. ती चूक काढतील, तर काढू द्या. आठवडाभर रोज म्हणा. मग वहीत आपल्या हाताने लिहा.

एवढे झाले की पुढची जोडी घेऊ.