हृदयाची झडप : धातूची की प्राणिज?

नांदेड-लातूरकडील कुटुंबात हृदयाची झडप बदलण्याचा प्रसंग आला की चर्चा खर्चाची होते. झडप कशाची, हे क्वचितच विचारले जाते. जैविक झडप डुकराच्या झडपेपासून किंवा गायीगुरांच्या हृदयावरणापासून घडवितात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची, ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णास बसविलेली झडप मात्र कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातू, पॉलिथिलीनची चकती व पॉलिएस्टरचे कडे यांची आहे. अर्थात, शस्त्रक्रियेत लागणारे हेपारिन बहुतांशी डुकराच्या आतड्यांपासून काढतात, हेही जाणून असावे.

धातूच्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून आजन्म गोळी व नियमित रक्ततपासणी अटळ ठरते. जैविक झडपेस ती दीर्घकाळ बहुधा लागत नाही. पण ती झिजते, विशेषतः तरुण वयात. तपासणीसाठी खेड्यातून वरचेवर शहर गाठणे ज्यास अशक्य, त्याने किंवा मातृत्वाची इच्छा असलेल्या स्त्रीने केवळ अहिंसेपोटी धातूचा आग्रह धरण्यापूर्वी शल्यविशारदाशी मोकळेपणाने बोलावे. त्या गोळीने गर्भालाही अपाय होऊ शकतो.