साखरेची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, की तुमच्या मुलीला मधुमेह आहे, तेव्हा घरी साखर कशी तपासता आणि इन्शुलिन कमीजास्त कसे करता ते बायकांना सांगा. मी सातवी शिकलेली बाई. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही. पण सात वर्षे रोज वही लिहिते आहे, तेवढ्या बळावर बोलते.

आधी एक गोष्ट. आपल्या सासूबाईंना, मामंजींना उतारवयात होतो तो मधुमेह वेगळा. तो बहुधा गोळ्यांवर आणि खाण्याच्या पथ्यावर चालतो. गोळ्यांवर असणाऱ्या सगळ्यांनाच रोज चारदा बोट टोचावे लागत नाही. लेकरांना बहुतकरून जो होतो त्यात शरीर इन्शुलिन तयार करणेच जवळजवळ बंद करते. मग ते टोचूनच द्यावे लागते, आणि जन्मभर द्यावे लागते. १९२१ साली कॅनडातल्या टोरोंटो शहरी बँटिंग, बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधून काढले. १९२२ च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा टोचले. त्याआधी अशी लेकरे वर्ष-दोन वर्षांत वाळून जात. कोणी म्हणते, सुया सोडा आणि चूर्ण द्या, तेव्हा ते लेकराला १९२२ च्या मागे नेऊन ठेवायला सांगत असतात. आमच्याकडेही असे सांगणारे आले होते. त्यांना चहा दिला आणि वाटेला लावले.

आता वहीकडे वळते. साधी दोनशे पानी वही. उभ्या रेघा मारून रकाने केले आहेत: सकाळी उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी आणि निजताना. आकड्याशेजारी किती युनिट टोचले ते, आणि शेवटी खाणे व काम. हा शेवटचा रकाना पुष्कळ जणी कोरा ठेवतात. माझ्या मते सगळ्यांत मोलाचा तोच.

मुलीला तीन जेवणांआधी लवकर उतरणारे इन्शुलिन आणि रात्री एक लांब चालणारे, अशा चार सुया आहेत. चार आकडे आणि चार सुया यांचे नाते एकदा डोक्यात बसले, की अर्धे काम झाले. सकाळचा उपाशीपोटीचा आकडा रात्रीच्या लांब सुईबद्दल बोलतो. दुपारचा आकडा सकाळच्या सुईबद्दल, संध्याकाळचा दुपारच्या सुईबद्दल, आणि निजतानाचा रात्रीच्या जेवणाच्या सुईबद्दल. म्हणजे आकडा नेहमी मागच्या सुईची साक्ष देतो. दुपारी साखर २५० आली तर उद्याची सकाळची सुई पाहायची, उगाच रात्रीची वाढवायची नाही.

शिवाय एका दिवसाच्या आकड्यावरून कायमचा फेर करायचा नाही. तीन दिवस त्याच वेळी तोच प्रकार दिसला, तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीप्रमाणे एक किंवा दोन युनिट. जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवून दोन तासांनी १८० च्या आत, हे सर्वसाधारण माप. लहान मुलांना, म्हाताऱ्यांना आणि गर्भारणीला डॉक्टर वेगळे ठरवून देतात.

कापूस वेचणीच्या दिवसांतले सांगते. दिवाळीच्या सुटीत मुलगी दोन दिवस माझ्याबरोबर शेतात वेचायला आली. संध्याकाळी साखर ८५, आम्ही खूश. पण कष्टाच्या दिवशी रात्री तीनला एकदा बघा, असे चिठ्ठीत लिहिले होते. उठून पाहिले तर ५८. अंगमेहनतीने स्नायू साखर ओढून घेतात आणि ती ओढ रात्रभरही राहते, हे डॉक्टरांनी मग समजावले. तेव्हापासून वेचणीच्या दिवशी रात्रीची सुई दोन युनिट कमी, आणि निजताना अर्धी भाकर व दूध. हा आमच्या मुलीचा हिशेब आहे, तुमच्या घरचा वेगळा निघेल. सकाळची साखर चढलेली दिसली तरी तीनचा आकडा पाहिल्यावाचून आम्ही रात्रीची सुई वाढवत नाही.

साखर ७० च्या खाली गेली, हातपाय थरथरले, घाम सुटला, पोर उगाच चिडचिड करू लागली, की तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. तापात, उलट्यांत मात्र उलटे असते. लेकरू जेवत नाही म्हणून आया सुई टाळतात. आजारात साखर बहुधा चढते. सुई बंद करायची नाही, दर तीन-चार तासांनी तपासायचे, लघवीतले कीटोन पाहायचे आणि डॉक्टरांना विचारायचे. उलट्या थांबत नसल्या किंवा श्वास जोरात चालू लागला, तर घरी बसायचे नाही.

इतके टोचून काय मिळते, असे शेजारणी विचारतात. अमेरिका-कॅनडात १४४१ रुग्णांवर सरासरी साडेसहा वर्षे चाललेली मोठी पाहणी १९९३ साली छापून आली. ज्यांनी वारंवार तपासून इन्शुलिन जुळवले, त्यांच्यात डोळ्यांचा विकार नव्याने सुरू होण्याचा धोका शेकडा ७६ ने कमी झाला. मूत्रपिंडे आणि नसाही वाचल्या. पण साखर फार खाली जाण्याचे प्रसंग त्यांच्यात तिपटीच्या आसपास होते, हेही त्यातच आहे. म्हणून नुसती सुई वाढवून भागत नाही, बोट टोचणे तिच्याबरोबर आलेच.

सुईचेही एक सांगते, कारण यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडे बाटली ४० ची आणि १०० ची अशी दोन्ही मिळते. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सुई, १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची. १०० चे औषध लाल टोपणाच्या सुईत त्याच रेघेपर्यंत भरले तर अडीचपट जाते. दुकानदार घाईत असला तरी आपण टोपण पाहून घ्यावे.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात यवतमाळात पारा ४४-४५ वर जातो आणि वीजही जाते. मोठ्या मडक्यात लहान मडके, मधे ओली वाळू, वर ओले फडके, आणि आत बाटली कोरड्या डबीत. फ्रिज असला तर बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठलेले इन्शुलिन फेकूनच द्यावे लागते.

खर्च मोठा आहे, हे खरे. पट्ट्यांचा खर्च इन्शुलिनपेक्षा जास्त बोचतो. दंडाला लावायची चकतीही निघाली आहे, ती दिवसरात्र आकडा दाखवते, पण आमच्या ऐपतीबाहेरची. सरकारी रुग्णालयात इन्शुलिनची चौकशी जरूर करावी. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ड्रीम ट्रस्ट काढला, तो गरीब घरच्या अशाच मुलांना इन्शुलिन आणि तपासणीचे सामान मिळावे म्हणून. मुलगा असला की घर शेत गहाण टाकते आणि मुलगी असली की खर्चाची कुरकुर करते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ते बोलायची जागा हीच.

मुलगी आता अठराची झाली. लग्नाच्या वेळी सांगणार का, असे आत्तापासून विचारतात. सांगणार. लपवून दिलेली मुलगी सासरी न्हाणीघरात दार लावून सुई टोचते, नाहीतर टोचतच नाही. साखर आधीपासून ताब्यात ठेवली तर अशा मुली बाळंत होतात, लेकरे धडधाकट असतात. हे तिच्या डॉक्टरांनी तिच्यासमोर मला सांगितले आहे. सध्या वही तीच लिहिते. रात्री तीनला मात्र मी उठते.

आज यंत्र आणले आहे. ज्यांना साखर पाहायची असेल त्यांनी मागच्या टेबलाशी मुलीकडे यावे. प्रत्येकीला सुई नवी मिळेल. आकडा जास्त आला म्हणजे मधुमेह ठरलाच असे नाही, दवाखान्यात शिरेतले रक्त तपासून घ्यावे. फक्त हात धुऊन या, आणि चहाच्या आधी या.