रखमाबाई नांदायला गेल्या नाहीत



मागच्या खेपेला वर्गात एका बाईनं विचारलं, "माझं लग्न लहानपणीच लावलं. मला कुणी विचारलंच नाही. मग ते लग्न माझं म्हणायचं का?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज एक हकीगत सांगते.

रखमाबाई १८६४ साली मुंबईत जन्मल्या. जात सुताराची. वडील लवकर वारले. आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या. त्या जातीत पाट लावायची चाल होती. जयंतीबाईंनी पुढे डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. हे सावत्र वडील मोठे विद्वान आणि मायाळू.

रखमा अकरा वर्षांची झाली आणि तिचं लग्न लागलं. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस. त्यानं शिकावं, चांगला माणूस व्हावं, असं घरच्यांना वाटत होतं. पण दादाजी शिकला नाही. मामाकडे जाऊन राहिला. कामधंदा नाही, तब्येतही बरी नाही. रखमा माहेरीच राहिली. शाळा सुटली, पण वाचन सुटलं नाही. घरात जे पुस्तक मिळेल ते वाचायचं. आपण काम आवरून इथं वाचायला बसतो ना, तसंच.

१८८४ साली दादाजीनं मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. बायको माझी आहे, तिला नांदायला पाठवा! रखमाबाई म्हणाल्या, मी जाणार नाही. हे लग्न माझ्या संमतीनं झालेलं नाही.

अहो, त्या काळात हे बोलणं म्हणजे केवढं धाडस! गावभर, देशभर चर्चा झाली. १८८५ साली न्यायाधीश पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. ते म्हणाले, असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो विलायती कायद्यातून इकडे आला. आता गंमत बघा. धर्म बुडाला म्हणून ओरडणारे लोक विलायती कायद्याचाच आधार घेत होते! त्यात लहानसहान माणसं नव्हती. लोकमान्य टिळकांच्या केसरीनंही रखमाबाईंवर टीका केली. टिळकांना आपण मान देतो, पण इथं त्यांचं चुकलं, असं मला वाटतं.

रखमाबाईंनी भांडण नुसतं कोर्टात केलं नाही. 'एक हिंदू स्त्री' एवढीच सही करून त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रं लिहिली. बालविवाहानं मुलींचे काय हाल होतात, ते त्यात मांडलं. लिहिता येत होतं म्हणून चार भिंतींतलं दुःख चारचौघांत आलं.

दादाजीनं वर अपील केलं. मार्च १८८७ मध्ये निकाल फिरला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन.

तुरुंगात जावं लागलं नाही. १८८८ साली तडजोड झाली. दादाजीनं दोन हजार रुपये घेतले आणि हट्ट सोडला. व्हिक्टोरिया राणीनं लग्न मोडून दिलं, असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही. पैसे मोजून सुटका झाली, एवढंच. पण ह्या खटल्यामुळे देशात विचार सुरू झाला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाची मर्यादा बारा वर्षांवर गेली. आज बारा हा आकडा ऐकूनही अंगावर काटा येतो. तरी तेव्हा त्याही कायद्याला विरोध झाला.

१८८९ साली रखमाबाई लंडनला गेल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पीची यांनी मदत केली. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. परत येऊन त्यांनी सुरतेला बायकांच्या दवाखान्यात काम केलं, पुढे राजकोटला. पुरुष डॉक्टरला हात दाखवायचा नाही म्हणून बाया घरातच मरत. त्यांच्यासाठी हा दवाखाना. रखमाबाईंनी पुन्हा लग्न केलं नाही.

१९५५ च्या सप्टेंबरात, नव्वद वर्षांच्या होऊन त्या वारल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला होता. नको असलेल्या लग्नातून बाहेर पडायला बाईला आता पैसे मोजायचे नव्हते, कोर्टात अर्ज करायचा होता.