उचल, खर्ची आणि कायदा
माझा मुख्य विषय अर्थशास्त्र. जोडविषय म्हणून मी श्रम-अभ्यास घेतला. घरचे विचारतात, काम ते काय शिकायचं? रायगडातल्या कातकरी कुटुंबांचंच पाहा. दिवाळीनंतर ती उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. मजुरी हजार विटांमागे, तीही नवरा-बायकोची मिळून एकच. आठवड्याला खर्ची, हिशेब पावसाच्या तोंडावर. दर कसा ठरतो ते अर्थशास्त्र सांगतं. बाईचं नाव वहीत का नसतं, ते समाजशास्त्र. आणि उचल फिटली नाही म्हणून कुणाला वेठीला धरलं, तर १९७६चा वेठबिगारीविरुद्धचा कायदा ते कर्जच रद्द करतो! यंदा भट्ट्या पेटण्याआधी आम्ही विद्यार्थी वाडीवर जाऊन प्रत्येक घराला उचल-खर्चीची वही घालून देणार आहोत. कोऱ्या वह्या हव्या आहेत. पेनंही.